रिक्षा थांबली, मीटर नाही

एप्रिल २०२० मध्ये मेहुण्याचा फोन आला, बाहेर सगळं बंद, लोक घाबरलेले आणि याच्या आवाजात मात्र आनंद मावत नव्हता. "दाजी, तीन महिने हप्ते माफ झाले ना?" त्यानं सहा-सात महिन्यांपूर्वीच फ्लॅट घेतलेला, ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं. मी म्हटलं माफ नाही रे, थांबलेत. तो म्हणाला म्हणजे तेच ना. तेच नाहीये, आणि ते का नाहीये हे त्याला समजवायला मला जवळजवळ अख्खा लॉकडाऊन पुरला.

शेवटी जे उदाहरण त्याच्या डोक्यात बसलं ते रिक्षाचं. तू रिक्षावाल्याला म्हणालास काका दोन मिनिटं थांबा, वरून डबा घेऊन येतो. काका थांबले, भले माणूस आहेत, हॉर्न पण वाजवत नाहीयेत. पण मीटर थांबला का? तो वेटिंगवर पडलाय. तू पाच मिनिटांनी आलास तर काही नाही, अर्ध्या तासानं आलास तर उतरताना तोंड बघण्यासारखं होतं. काकांनी थांबणं हा त्यांचा चांगुलपणा आणि मीटर चालू असणं हा त्यांचा हक्क, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

यालाच बँकांच्या भाषेत फॉरबेअरन्स म्हणतात. म्हणजे पैसे मागायचा हक्क आहे, मागायची ताकद आहे, कागद आपल्या बाजूनं आहेत, तरीही काही काळ हात आवरून धरायचा. डिक्शनरीत बघाल तर सहनशीलता, संयम, तितिक्षा असे जड शब्द सापडतील, पण रोजच्या मराठीत आपण याला म्हणतो "सांभाळून घेणं". "एवढा महिना सांभाळून घ्या" हे वाक्य किराणावाल्याला, घरमालकाला, शाळेच्या क्लार्कला कोणी ना कोणी रोज म्हणत असतं. शब्द छान आहे पण त्यात एक घोळ आहे, की नक्की किती सांभाळून घ्यायचं आणि सांभाळायचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा हे त्यात कुठेच येत नाही. सगळी भांडणं नंतर तिथेच होतात.

आता २०२० मध्ये झालं काय ते नीट सांगतो. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेनं बँकांना परवानगी दिली, लक्षात घ्या परवानगी, हुकूम नाही, की १ मार्च ते ३१ मे या काळातले हप्ते पुढे ढकलायची सवलत कर्जदारांना द्या. मग मे मध्ये ती अजून तीन महिने वाढवली, ३१ ऑगस्टपर्यंत. यालाच आपण सगळे मोरेटोरियम म्हणायला लागलो, काही दिवस तर हा शब्द भाजीवाल्याच्या तोंडी पण होता.

इथे रिक्षापेक्षा एक गोष्ट वेगळी आहे, कारण कर्जात मीटर दोन असतात. एक व्याजाचा आणि दुसरा दिवसांचा. दिवसांचा मीटर असा, की हप्ता चुकला की मोजणी सुरू, ३० दिवसांपर्यंत पहिला कप्पा, मग ६० पर्यंत दुसरा, ९० पर्यंत तिसरा आणि ९० ओलांडले की तुमचं खातं एनपीए, म्हणजे बुडीत निघायच्या रांगेत. मग नोटिसा, सिबिल म्हणजे कर्जफेडीचं प्रगतिपुस्तक खराब, पुढचं कर्ज मिळायची बोंब, आणि घर तारण असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्यानं बँक कोर्टात दावा न लावताही जप्तीच्या मागे लागू शकते. मोरेटोरियमनं हा दुसरा मीटर गोठवला. सवलत घेतलेल्याचे ते सहा महिने थकबाकीच्या दिवसांत धरायचे नाहीत, असं. व्याजाचा मीटर मात्र पळतच राहिला आणि मेहुण्याला (आणि त्याच्यासारख्या कितीतरी लोकांना) हेच कळलेलं नव्हतं.

मी त्याला गणित करून दाखवलं. आकडे सोयीसाठी गोल धरतो, ३० लाख, ८ टक्के, २० वर्षं, हप्ता येतो २५,०९३ रुपये. कर्ज अगदी नवं असताना सहा महिने काहीच भरलं नाही तर व्याज मुद्दलात चढत जातं आणि ३० लाखांचे ३१ लाख २२ हजार होतात. आता हप्ता तेवढाच ठेवला तर कर्ज २४० हप्त्यांऐवजी साधारण २६६ हप्त्यांमध्ये फिटतं. म्हणजे तुम्ही आज वाचवले सहा हप्ते, साधारण दीड लाख रुपये, आणि शेवटी जास्तीचे भरले २६ हप्ते, साडेसहा लाखांच्या वर. मेहुणा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला "एक्सेलमध्ये चूक असेल". चूक नव्हती. सुरुवातीच्या हप्त्यात २५ हजारातले २० हजार नुसतं व्याजच असतं, मुद्दल फिटतं फक्त पाच हजार, त्यामुळे लांबवलेल्या प्रत्येक महिन्याची भरपाई या पाच-पाच हजारांच्या चिमट्यानं करावी लागते.

आणि गंमत बघा, हेच कर्ज संपत आलेलं असतं, फक्त २४ हप्ते राहिलेले, शिल्लक साडेपाच लाख, तर त्याच सहा महिन्यांच्या सवलतीची किंमत पडली असती जेमतेम एक हप्ता. सवलत तीच, बँक तीच, पण एकाला २६ हप्त्यांना पडली आणि दुसऱ्याला एका. म्हणून मोरेटोरियम चांगला की वाईट असं कोणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न विचारतो, कर्ज किती जुनं आहे आणि घरात पगार येतोय का. ज्याची नोकरीच गेली होती त्याच्यासाठी ते २६ हप्ते सुद्धा स्वस्तच होते, घर वाचलं ना. ज्याचा पगार चालू होता आणि नुसतं मिळतंय तर घेऊया म्हणून ज्यानं घेतला त्यानं मात्र स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. मेहुण्याचा पगार चालू होता. नशीब, फॉर्म भरायच्या आत फोन केला.

मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. आग्र्याच्या एका कर्जदारानं याचिका टाकली होती, पुढे बिल्डर, उद्योजक असे बरेच जण आले. म्हणणं असं की सरकारनंच धंदे बंद ठेवले, मग या काळाचं व्याज कसलं घेता. सरकारनं सांगितलं सगळं व्याज सोडायचं तर बोजा सहा लाख कोटींच्या वर जाईल. शेवटी ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रानं जाहीर केलं की २ कोटींपर्यंतच्या कर्जांना व्याजावरचं व्याज, म्हणजे चक्रवाढ आणि सरळव्याज यांच्यातला फरक, परत देऊ, आणि ५ नोव्हेंबरपर्यंत तो खात्यात पडला, ज्यांनी नियमित हप्ते भरले त्यांच्या पण. आणि २३ मार्च २०२१ च्या निकालात कोर्टानं सांगितलं की त्या सहा महिन्यांचं चक्रवाढ व्याज किंवा दंडव्याज कोणाकडूनच घ्यायचं नाही, २ कोटींची मर्यादा पण नको, पण संपूर्ण व्याजमाफी शक्य नाही, कारण बँकांना ठेवीदारांना व्याज द्यावंच लागतं.

व्याजावरचं व्याज म्हणजे केवढं? आपल्या ३० लाखांच्या उदाहरणात सहा महिन्यांचं सरळव्याज १,२०,००० आणि चक्रवाढीनं १,२२,०१८. फरक २,०१८ रुपये! टीव्हीवर महिनोन् महिने जी चर्चा रंगली त्यातून एका साध्या कर्जदाराच्या पदरात दोन हजार रुपये. आमच्या ओळखीतल्या एकानं तो क्रेडिटचा मेसेज बघून बँकेत फोन केला होता की हे चुकून आलंय का.

ठेवीदारांचा तो मुद्दा लोकांना आवडला नाही पण मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो. बँक थांबते तेव्हा ती कोणाच्या तरी पैशावर थांबते, आणि तो कोणीतरी म्हणजे तुमच्या सोसायटीतले रिटायर्ड काका, ज्यांचं घर एफडीच्या व्याजावर चालतं. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना हा फॉरबेअरन्स शब्द तिकडच्या घराच्या नाहीतर शिक्षणाच्या कर्जाच्या कागदांवर भेटतो, तिथे मार्च २०२० पासून सरकारी शैक्षणिक कर्जांवरचं व्याजच शून्य केलं होतं, ते परत सुरू झालं सप्टेंबर २०२३ मध्ये. म्हणजे तिथे मीटरच बंद केला, पण वेटिंगचे पैसे सरकारनं म्हणजे शेवटी करदात्यांनी भरले. फुकट कोणीच थांबत नाही, बिल कोणाच्या खिशातून गेलं एवढाच फरक.

आता इथे तीन गोष्टी वेगळ्या करून ठेवतो, कारण आपण त्या सर्रास मिसळतो. सोसणं, सांभाळून घेणं आणि सोडून देणं.

सोडून देणं म्हणजे माफी. याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे तुकोबा. घरात महाजनकी, सावकारी, लोकांची कर्जखतं घरात. परंपरा असं सांगते की त्यांनी ती खतं इंद्रायणीत बुडवली, पण सगळी नाही, वाटण्या करून धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची त्याला दिली आणि आपल्या वाट्याची तेवढीच बुडवली. लहानपणी ही गोष्ट ऐकताना अर्धीच का असं वाटायचं, आता वाटतं की ती अर्धी हाच गोष्टीचा प्राण आहे. माफी आपल्या हक्काची करता येते, दुसऱ्याच्या हक्काची नाही. आणि एकदा खत पाण्यात गेलं की गेलं, उद्या मूड बदलला म्हणून बाहेर काढता येत नाही. सांभाळून घेण्यात खत घरातच असतं, पेटीत. फक्त पेटी उघडलेली नसते.

शेतीकर्जात हा फरक दरवर्षी दिसतो. दुष्काळ पडला, पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती आणे आलं याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत आली की सहकारी कर्जाचं पुनर्गठन आणि वसुलीला स्थगिती जाहीर होते, आणि चावडीवर लगेच "कर्ज गेलं" अशी बातमी फिरते. गेलेलं नसतं. या हंगामाचं पीककर्ज पुढच्या काही वर्षांच्या हप्त्यांत बदललेलं असतं. कर्जमाफी म्हणजे २०१७ ची दीड लाखांपर्यंतची किंवा २०१९ ची दोन लाखांपर्यंतची, ती वेगळी, तिथे सरकारनं पैसे बँकेत भरले. ज्यांनी उसनंपासनं करून वेळेवर भरलं होतं ते तेव्हा चिडले आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही, नंतर त्यांच्यासाठी ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम आली ती त्याचमुळे.

आणि सोसणं. इथे मला जरा राग येतो. आपल्याकडे वीस वर्षं सासरचे टोमणे ऐकून गप्प राहिलेल्या बाईला "किती सहनशील" म्हणून नावाजतात. अरे पण तिच्याकडे दुसरा काही पर्याय होता का? माहेरी जागा नाही, हातात पैसा नाही. याला सांभाळून घेणं म्हणत नाहीत. सांभाळून घ्यायला आधी हातात काहीतरी लागतं, जे वापरता आलं असतं आणि वापरलं नाही. बँकेच्या हातात जप्ती असते म्हणून तिच्या थांबण्याला किंमत. साहेबानं ज्युनियरची चूक पोटात घातली तर ते सांभाळून घेणं, ज्युनियरनं साहेबाचा आरडाओरडा ऐकून घेतला तर ती फक्त नोकरी. दोन्हीला एकच शब्द लावला की ज्याच्याकडे ताकद नाही त्यालाच आपण वर संयमाचे धडे देत बसतो.

बरं, आता मला ज्यात सगळ्यात जास्त रस आहे त्या माणसाकडे येतो, जामीनदाराकडे. पतसंस्थेत कर्ज घेतलेल्या किंवा कोणाला मिळवून दिलेल्या प्रत्येकाला हा प्रसंग माहितेय. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातला सहकारी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन येतो, पेन पण त्याचाच, जिथे सही करायची तिथे पेन्सिलनं फुल्या मारलेल्या, "नावापुरतं रे, मी आहे ना". आपण डबा एका हातानं सरकवून आठ-दहा ठिकाणी सह्या ठोकतो, सोबत पगारपत्रक आणि पॅनची झेरॉक्स. वाचत कोणीच नाही. मी पण नाही वाचलं.

कायदा असा आहे की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, संस्थेनं आधी त्याच्या मागे लागायला पाहिजे असं काही नाही, थेट तुमच्या पगारावर येऊ शकते. आता समजा कर्जदारानं हप्ते थांबवले आणि संस्था वर्षभर गप्प बसली, ना नोटीस ना दावा. तुम्हाला वाटेल त्यांनीच हलगर्जीपणा केला मग मी सुटलो. नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १३७ सांगतं की धनको, म्हणजे कर्ज देणारा, नुसता थांबला, त्यानं दावा लावला नाही, एवढ्यानं जामीनदार सुटत नाही. पण त्याच्या दोनच कलमं आधी, १३५ मध्ये, वेगळंच आहे. संस्थेनं कर्जदाराशी बसून ठरवलं की तुला दोन वर्षांची मुदत देतो, किंवा तुझ्यावर दावा लावणार नाही, आणि हे तुम्हाला न विचारता ठरवलं, तर जामीनदार सुटतो.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटं वाटलं होतं, की गप्प बसलं तर जामीनदार अडकलेला आणि माणुसकीनं मुदत दिली तर मोकळा. पण विचार केला की पटतं. संस्था नुसती गप्प असताना तुमचे हात मोकळे असतात, तुम्ही उठून तिचे पैसे भरून टाकू शकता आणि मग कर्जदाराला पकडू शकता, तो अजून कफल्लक झालेला नाही तोवर. पण संस्थेनं त्याला मुदतीचा शब्द दिला की तुमची ती वाट बंद, आता दोन वर्षं त्याला कोणी हात लावायचा नाही, आणि जोखीम कोणाची, तर तुमची. दुसऱ्याच्या जिवावर उदार होता येत नाही, एवढंच ते कलम म्हणतंय. आता वाईट बातमी, छापील जामीनपत्रात बहुतेक वेळा बारीक अक्षरात आधीच लिहिलेलं असतं की कर्जदाराला मुदत, सवलत काहीही दिलं तरी माझी हरकत नाही. त्या पेन्सिलच्या फुल्यांपैकी एक फुली त्या पानावर असते.

थांबायला कागद लागतो हे आपल्याकडे फार महागात शिकलेलं आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, इकडे भाव चढला आणि दख्खनमध्ये सावकार रयतेला हात सैल सोडून कर्ज द्यायला लागले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, शेतसारा वाढत होता, सावकारांनी हात आखडले. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जखताचं आयुष्य तीन वर्षांवर आणलेलं. हेतू चांगला होता, वर्षानुवर्षं व्याज साठू नये. झालं काय, तर ज्या सावकाराची थांबायची तयारी होती त्याला पण थांबता येईना, तीन वर्षं झाली की खत मेलं. मग दर तीन वर्षांनी रयतेकडून नवं खत करून घ्यायचं, ज्यात जुनं मुद्दल अधिक व्याज हे नवं मुद्दल, आणि त्यावर परत व्याज. आकड्यांत दाखवायचं तर १०० चे १५०, १५० चे २२५. आपल्याकडची दामदुपटीची जुनी रीत, म्हणजे व्याजाची थकबाकी मुद्दलाच्या पुढे जाता कामा नये, ती या नव्या खतांच्या खेळात निकामी व्हायची, कारण व्याजालाच मुद्दलाचा सदरा घातलेला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात लोक उठले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं ताब्यात मागितली आणि जाळली. कागदच जाळले, कारण मीटर त्या कागदात होता. नंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला.

ती तीन वर्षांची मुदत आजही आहे बरं का, १९६३ च्या कायद्यात. बँकेकडून मध्येच शिल्लक कबुलीच्या कागदावर सही मागतात ती यासाठीच, मुदत संपायच्या आत लेखी कबुली मिळाली की तीन वर्षं नव्यानं मोजायची. हातउसन्या पैशांना पण हेच लागू, फक्त मित्राकडून अशी सही मागायला आपली जीभ रेटत नाही.

थोडं मोठ्या पातळीवरचं पण सांगून टाकतो. जसं बँक कर्जदाराला सांभाळून घेते तसं रिझर्व्ह बँक बँकांना सांभाळून घेते. २००८ च्या जागतिक मंदीनंतर बँकांना मुभा दिली की अडचणीतल्या कंपन्यांची कर्जं फिरवून बांधा आणि तरीही ती चांगल्या कर्जांत धरा. त्या वेळी ते गरजेचं होतं. पण अर्थव्यवस्था सावरल्यावरही ही मुभा चालूच राहिली, सगळी मिळून सात वर्षं. जुनं फेडायला नवं कर्ज, वहीत "मागील पानावरून पुढे चालू", आणि खातं कागदावर टवटवीत. २०१५ मध्ये वह्या तपासायला घेतल्या तेव्हा बाहेर आलं, बँकांचा ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण कर्जांतला थकलेल्या कर्जांचा वाटा, २०१४-१५ मध्ये ४.३ टक्के होता तो २०१७-१८ ला ११.२ टक्क्यांवर गेला. २०२०-२१ च्या आर्थिक पाहणीत केंद्राच्याच अर्थखात्यानं यावर एक प्रकरण लिहिलंय, मुद्दा असा की ही सवलत तातडीचं औषध आहे, रोजचं जेवण नव्हे. औषध म्हटलं की तारीख आली, किती दिवस घ्यायचं. ज्या सांभाळून घेण्याला तारीख नाही ते मग सांभाळणं राहत नाही, दोन्ही बाजूंनी मिळून केलेली डोळेझाक होते.

तारखेचं मला स्वतःला कळलं ते उशिरा. २०१६ च्या दिवाळीच्या आधी एका मित्राला मी ४० हजार दिले, भाड्याच्या घराचं डिपॉझिट भरायचं होतं त्याला. तो म्हणाला मार्चपर्यंत देतो. मी काय म्हणालो, "असू दे रे, होईल तेव्हा दे". किती छान वाटतं हे वाक्य म्हणताना. मार्च गेला, पुढचा मार्च गेला. मी एकदाही मागितले नाहीत आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत राहिलो की आपण किती मोठ्या मनाचे. पण मीटर चालू होता. त्यानं नवा फोन घेतला, मीटर पडला. गोव्याला जाऊन आला, मीटर पडला. व्हॉट्सॲपवर त्याचे बीचवरचे फोटो बघून बायकोला म्हणालो, बघ, ४० हजारात काय काय होतं. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नाही, तो मला फोटोखाली बदाम पाठवतोय.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या मुलीचं बारसं होतं. छोटा हॉल, पेढे, गुलाबजाम, सगळं व्यवस्थित. आणि मी, चार लोकांत, हसत हसत बोलून गेलो की "वा, आजकाल हॉल घेण्याइतके पैसे असतात काही लोकांकडे". तो गप्प झाला. त्याची आई बाजूलाच बसली होती, तिनं ऐकलं. तीन वर्षांचं साठलेलं असं एकदम निघालं, आणि तेही चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या माणसासमोर, पैशाचं नाव पण न घेता. बोललो आणि पुढच्या क्षणी मलाच कसंतरी झालं, गुलाबजाम तसाच वाटीत ठेवून मी निघालो.

दोन दिवसांनी तो घरी आला. चहा पण घेतला नाही आधी. म्हणाला, "तू कधी मागितलेच नाहीस. मला वाटलं तू सोडून दिलेस." आणि तो खोटं बोलत नव्हता. होईल तेव्हा दे, यातून मी सांभाळून घेतोय असं मला वाटत होतं आणि सोडून दिले असं त्याला ऐकू आलं होतं. माझ्या पेटीत खत होतं, त्याच्या हिशेबानं ते इंद्रायणीत गेलेलं. मी मनातल्या मनात व्याज लावत होतो आणि त्यानं मनातल्या मनात खातं बंद केलेलं.

मग बसून ठरवलं. महिना २,०००, जानेवारीपासून, २० महिने. मला लाज वाटत होती पण त्यानंच फोनवर तारखांची यादी टाइप करून मला पाठवली. तीन हप्ते आले आणि लॉकडाऊन लागला, त्याचा पगार अर्ध्यावर. त्याचा मेसेज, "सप्टेंबरपर्यंत नाही जमणार, ऑक्टोबरपासून परत चालू करतो". मी लिहिलं, "ऑक्टोबरपर्यंत थांबतो, व्याज नाही, पण ऑक्टोबरला जमणार नसेल तर सप्टेंबरमध्येच सांग". असं रोखठोक लिहिताना हात जरा अडखळला, मैत्रीत कोण असं लिहितं. पण खरं सांगतो, त्या सहा महिन्यांत त्याचे कसलेही फोटो बघून मला एकदाही काही वाटलं नाही, तेव्हाच त्याला मेहुण्याची रिक्षाची गोष्ट पण सांगितली आणि आम्ही दोघं हसलो.

ऑक्टोबरच्या ३ तारखेला पैसे आले. तसे दर महिन्याला येत राहिले, एकदाच चार दिवस उशीर झाला आणि तो पण त्यानं आधी कळवून. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेवटचा हप्ता आला. २,०५१ रुपये होते आणि रिमार्कमध्ये लिहिलेलं, वेटिंग चार्ज. मी ते ५१ परत पाठवले नाहीत.